पत्रिकेतले तात्या

तात्या लग्नपत्रिका खालून वर वाचत. वधू-वरांची नावं वर असतात, तात्यांचं खाली, 'शुभाशीर्वाद' या मथळ्याखाली. ते सापडलं की लाल पेनानं रेघ मारायची आणि पत्रिका पत्र्याच्या ट्रंकेत टाकायची. नवरा कोण, नवरी कोण, हे त्यांना मांडवात गेल्यावरच कळे.

तात्या पंचायत समितीचे सदस्य. जुन्नरला कॉलेजात शिकताना मी त्यांच्या घरामागच्या खोलीत राहायचो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. आमचं गाव पश्चिमेला, डोंगरात. भात आणि नाचणीचं. तात्यांची मुलगी सुमनताई बालवाडी चालवायची आणि संध्याकाळी मला न चुकता कालवण आणून द्यायची.

"दोनच शब्द बोलतो, राव," म्हणत तात्या माईक घेत, आणि मुहूर्त टळून जाई. मुठीतल्या अक्षता घामानं ओल्या होत. भटजी घड्याळ बघत. लोक हसत, पण पत्रिकेत त्यांचं नाव घालत.

माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला मीच त्यांना आग्रहानं गावी नेलं. त्यांनी माईक घेतला. "डोंगरातली असून पोरगी बगा कशी उजळ. न्हायतर हितली माणसं म्हंजी तव्यावर करपलेली भाकर." आणि स्वतःच हसले.

मांडवात दुसरं कुणी हसलं नाही. माझी आई रंगानं काळी. तिनं मुठीतल्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या आणि ती मांडवाबाहेर गेली. मागोमाग बाकीच्या बायाही उठल्या. चुलत्यानं तात्यांच्या हातातून माईक घेतला. "हीच भाकर खाऊन तुमी मतं न्हेली," एवढंच तो बोलला. तात्या निघून गेल्यावर लग्न लागलं.

सकाळच्या पहिल्या एसटीबरोबर बातमी जुन्नरात पोचली. तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. मीही गेलो, पण शेवटच्या रांगेत. खिशात तात्यांच्या खोलीची किल्ली होती. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असं तात्यांनी पेपरात छापून आणलं. पण डोंगरातल्या पत्रिका बंद झाल्या. मग खालच्या गावांतल्या यायला लागल्या, त्या त्यांच्या नावाशिवाय. भर लग्नसराईत तात्या नुसते ओट्यावर बसलेले दिसत.

मी खोली सोडायचं ठरवलं. किल्ली द्यायला गेलो तर ट्रंक उघडी होती आणि तात्या पत्रिका चाळत होते. तळाची एक, पिवळी पडलेली, त्यांनी माझ्या हातात दिली. छापखान्यातला नमुना होता तो. 'चि. सौ. कां. सुमन.' नवऱ्याच्या नावाची जागा कोरी.

"लई घाई केली व्हती छापायची," तात्या म्हणाले. "जो आला त्यो रंग बघून गेला. पंधरा वर्सं झाली."

आतला सुमनताईचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. किल्ली हातातच राहिली.

"तुझ्या आईकडं न्हेशील का रं?" त्यांनी विचारलं.

आम्ही एसटीनं गेलो. आई दारात तांदूळ पाखडत होती. तात्या अंगणात उभेच राहिले.

"चुकलो, बाई," ते म्हणाले.

आईनं सूप खाली ठेवलं. सुमनताईच्या कालवणाबद्दल मी तिला कितीदा तरी सांगितलेलं होतं.

"लेकीला का नाय आणलं संगट?" तिनं विचारलं.

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि ते ओट्याच्या कडेला बसले. समोरच्या रस्त्यावर परतीची एसटी आली, थोडा वेळ थांबली, निघून गेली. तात्या काही उठले नाहीत.