बुटांच्या खोक्यातला पुरावा

टोस्टरनं ‘खट्’ केलं आणि मोठ्या कष्टानं जमवलेली सकाळची शांतता फुटली. सात महिन्यांच्या ऑस्कारनं आधी एक हुंकार दिला, मग गळा काढला. रोशेलनं जळका पाव तोंडात धरला, ऑस्कारला काखोटीला मारलं आणि दुसऱ्या हातानं पाच वर्षांच्या क्लेमन्सच्या पायात बर्फात घालायची विजार चढवायला घेतली. नवरा, गॅरेट, रस्त्यांवरचं बर्फ काढायची गाडी घेऊन पहाटेच गेला होता. फेब्रुवारीत तो घरच्यांना फोटोतच दिसायचा.

“मम्मा, माझं खोकं! आज वर्गात वस्तू दाखवायची माझी पाळी आहे!”

“दाराशी आहे बाळा, घे आणि चल. मम्माची आज परीक्षा आहे.”

परीक्षा खरीच होती. रोशेल हायस्कूलच्या दहावीला कॅनडाचा इतिहास शिकवायची. वर्षाच्या करारावर. आज मुख्याध्यापिका मिसेस कोस्किनेन मागच्या बाकावर बसून तिचा तास बघणार होत्या, आणि त्यावर तिची नोकरी कायम होणार की जूनमध्ये संपणार ते ठरणार होतं. त्यासाठी तिनं आठवडाभर घरात मोठ्यानं तालीम केली होती आणि गावच्या संग्रहालयातून शंभर वर्षांपूर्वीच्या, १९१२ सालच्या, एका शेतकरी घरातल्या वस्तू मागून आणल्या होत्या: एक लोकरी हातमोजा आणि काही पत्रं. त्या आल्या बुटांच्या करड्या खोक्यात. गावात बुटांचं दुकान एकच, त्यामुळे घरटी दाराशी अशी चार-पाच करडी खोकी असतातच. त्यांत कुणाचे बूट, कुणाचे खिळे आणि कुणाची आजी, म्हणजे आजीचे फोटो.

क्लेमन्सनं एक खोकं उचललं. रोशेलनं दुसरं.

ऑस्कार पाळणाघरात आणि क्लेमन्स बालवाडीत पोचली, आणि पहिल्या तासाला मिसेस कोस्किनेन वही उघडून मागे बसल्या. त्यांच्याकडे पाहून एकवीस पोरांनी आपापल्या टोप्या काढल्या, एरवी दहादा सांगावं लागायचं.

“आज आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच्या एका अनोळखी घरातला पुरावा आहे,” रोशेल म्हणाली. “काय वाटतं ते नंतर. आधी काय दिसतं ते सांगायचं. कुणी केलं, कधी, कुणासाठी, कशासाठी?”

तिनं झाकण उघडलं. आत एक गुलाबी हातमोजा, डाव्या हाताचा. एक चघळलेली चोखणी. आइस हॉकीची चकती. वाणसामानाची यादी. आणि तळाशी घडी घातलेला कागद.

हा क्लेमन्सचा खजिना होता. तिचं हातमोजा-पत्रांचं १९१२ साल या घटकेला बालवाडीत होतं.

“मिस,” पहिल्या बाकावरच्या कोल्टननं मान लांब केली, “शंभर वर्षांपूर्वी प्लॅस्टिकची चोखणी होती?”

आता खोकं बंद केलं तर तास संपला, आणि तासाबरोबर बाकी सगळंही. महिनाभर तीच तर बजावत होती, की अपेक्षेप्रमाणे पुरावा निघाला नाही म्हणून पळायचं नाही.

“छान!” ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. “म्हणजे काळ कुठला?”

“आत्ताचा!” पोरं खूश झाली.

यादी हातोहात फिरली. चष्मेवाल्या ऍन्सलीनं ती खिडकीच्या उजेडात धरली. “अक्षरं दोन माणसांची आहेत. एकानं ‘चॉकलेट’ लिहिलंय, दुसऱ्यानं खोडलंय, पहिल्यानं परत लिहिलंय. आणि कॉफी तीनदा आहे. तिसऱ्यांदा लिहिताना कागद फाटलाय.”

“यावरून?”

“या घरात कुणी झोपत नाही.”

“आणि दूध सहा पिशव्या,” कोल्टन म्हणाला. “एक तर पोरं आहेत, नाहीतर वासरू.”

वर्ग हसला. मिसेस कोस्किनेन हसल्या नाहीत, पण त्यांनी काहीतरी लिहिलं. रोशेलला जरा धीर आला. तेवढ्यात ऍन्सलीनं तळाचा कागद उलगडला.

एका बाजूला जांभळ्या खडूनं काढलेला पाच पायांचा घोडा. दुसऱ्या बाजूला रोशेलचं अक्षर. जानेवारीत दोन्ही पोरांचे कान एकाच आठवड्यात फुटले होते, तेव्हा ‘शाळेतून जाऊ की राहू’ असं क्लेमन्ससमोरच पुटपुटत तिनं लिहिलेला राजीनामा. तिनं तो त्याच दिवशी कचऱ्यात टाकला होता. तिच्या घरात कचऱ्याचा डबा हे क्लेमन्सचं चित्रांच्या कागदांचं दुकान आहे, हे ती विसरली होती.

“आदरणीय मिसेस...” ऍन्सली थांबली. “पुढे मुरंबा सांडलाय. नाव दिसत नाही, खाली सहीही नाही. ‘क्षमस्व. ईस्टरनंतर मला काम चालू ठेवता येईलसं वाटत नाही. क्षमस्व. मुलांना शिकवायला मला फार आवडतं, पण घरी पोचेपर्यंत माझ्यात माझं काही उरत नाही. पुन्हा एकदा क्षमस्व.’”

पोरं बाकांवरून पुढे वाकली.

“मिस, मुरंबा खरवडू का?” कोल्टननं नख पुढे केलं.

“खबरदार! पुराव्याला नख लावायचं नाही!”

“बरं, बरं. पण ही मिसेस कोण ते कळतंच आहे.”

रोशेलनं टेबलाची कड धरली. “कोण?”

“साहेब. आणि जहांबाज असणार. पाच ओळींत तीनदा माफी मागितलीय बाईनं.”

“म्हणजे भेदरलीय बिचारी,” मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर पेन थांबलं.

“पण पाठवलंच नाही ना,” ऍन्सली कागद निरखत म्हणाली. “बघा, चुरगळलाय, मग सरळ केलाय. सरळ करणाऱ्याची बोटं बारकी आहेत, मुरंब्याचे ठसे बघा. म्हणजे आईनं फेकलं, पोरानं उचललं.”

“लिहिलंय म्हणजे जायचं होतं.”

“फेकलंय म्हणजे राहायचं होतं, शहाण्या!”

“तुला काय माहीत? दुसरं लिहून पाठवलंही असेल!”

अर्धा वर्ग बाईंना घरी पाठवायला निघाला, अर्धा त्यांना अडवायला. पंधरा मिनिटं पुराव्यावर पुरावा आपटत होता. घोड्याच्या पाचव्या पायाचीही साक्ष निघाली. बाई जाणार की राहणार, हे ऐकायला रोशेलच सगळ्यांत जास्त कान देऊन उभी होती. घंटा झाली तरी पोरं हलेनात.

“मिस, खरं उत्तर काय?”

“पुराव्यात नाही ते मी कसं सांगू?” ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

वर्ग रिकामा झाला. मिसेस कोस्किनेन सावकाश पुढे आल्या. त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला, मुरंब्यावर नजर टाकली.

“शाळा सुरू झाल्यापासून मी तुमचे पाठाचे आराखडे वाचतेय, रोशेल. तुमचं अक्षर मला मुरंब्याखालूनही कळतं.”

“मॅडम, ते... खोकी बदलली. मी—”

“मी जहांबाज आहे?”

रोशेलनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“गप्प बसणं हाही पुरावाच,” बाई म्हणाल्या. मग टेबलाला टेकल्या. “माझी जुळी दहा महिन्यांची होती तेव्हा मीही असंच लिहिलं होतं. फरक एवढाच, की मी ते पाठवलं. आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते हरवलं. तेवीस वर्षं झाली, मी अजून उत्तराची वाट बघतेय.” त्यांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. “सोमवारी कायम नोकरीच्या कागदांवर सही करायला या. आणि क्षमा एकदाच मागत जा. तेवढी पुरते.”

रोशेलला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात तिला १९१२ साल आठवलं आणि कोटाची बटणं न लावताच ती पलीकडच्या इमारतीतल्या बालवाडीकडे धावली. त्या लोकरी हातमोज्यात आत्तापर्यंत कुणीतरी बर्फाचे गोळे वळले असतील, पत्रांची विमानं झाली असतील...

बालवाडीच्या बाई दारातच भेटल्या. “तुमची लेक म्हणजे कमाल आहे हो! कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाली, काय वाटतं ते नंतर, आधी काय दिसतं ते सांगा.”

रोशेल तिथंच गुडघ्यांवर बसली आणि तिनं क्लेमन्सला घट्ट जवळ घेतलं. हातमोजा धड होता, पत्रं धड होती. तिनं झाकण बसवलं. कोटाच्या आतल्या खिशात राजीनामा नीट बसलाय ना, हेही तिनं चाचपून पाहिलं. क्लेमन्सनं खिशात डोकावून आपला घोडा ओळखला.

“मम्मा, हा तर तू फेकला होतास ना?”

“हो गं राणी.”

“आणि आता नाही फेकणार?”

“नाही. आता जपून ठेवणार.”

क्लेमन्सनं भुवया आक्रसल्या. काय दिसतंय ते तिनं नीट पाहून घेतलं, मग विचारलं, “मग मम्मा, तुला जायचं होतं का राहायचं होतं?”