लाल झेंड्यांची वाट

पाझर तलावाच्या भिंतीवर बसून योगिनी कॉलेजच्या पलटणीची वाट पाहत होती, आणि वाटेवर चिटपाखरू नव्हते. मेडशीहून शिरपूरपर्यंत डोंगरांतून पायी, मुक्काम तंबूत, स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर, असे हे रानात राहायला शिकवणारे शिबिर होते. मोबाइल तर हेमसिंग सरांनी पहिल्याच दिवशी पिशवीत भरून टाकले होते. आज वाट आखायची पाळी योगिनीची. तिने पवनला घेऊन पुढे निघायचे, चुना लावलेले दगड आणि लाल झेंड्या रोवत जायचे. बाकीच्यांनी त्या खुणांवरून मागून यायचे. ज्याची वाट उत्तम, त्याचे नाव हिमालयातल्या शिबिराला जाणार होते.

योगिनीला हिमालयात जायचेच होते. अडचण एकच. घरी तिने 'वाशीमले कॉलेजात स्वच्छता शिबिर हाये' अशी लोणकढी थाप मारली होती, आणि सरांनी सुचवलेला मार्ग नेमका तिच्या वडिलांच्या, म्हणजे रामरावांच्या वावरातून जात होता. पोरगी रानात तंबू ठोकून झोपते हे कळते, तर रामरावांनी तिचे कॉलेजच बंद केले असते. म्हणून तिने हुशारी केली. वाट नाल्यापलीकडून, वडिलांशी कायम चढाओढ करणाऱ्या शेजारच्या शालिकरामकाकांच्या बरड जमिनीतून वळवली. अतिशहाण्यांच्या नशिबी जे असते ते पुढे झाले.

"योगिनी, दुपार कलली व," पवन म्हणाला. "बिबट्यानं तं नाई नेले सारे?"

"येवढ्या जनाइले येकटा बिबट्या काय करन? चाल मागं."

दोघे माघारी फिरले. शालिकरामकाकांच्या बरडात येताच योगिनी जागीच थबकली. एकही झेंडी जागेवर नव्हती. दगडही नव्हते, त्यांच्या जागी चुन्याची पांढरी भुकटी तेवढी उरली होती.

"थे पाह्य!" पवन किंचाळला.

नाल्याच्या त्या बाजूला, डोलणाऱ्या तुरीतून, लाल झेंड्यांची रांग फडफडत होती. तिने लावल्या होत्या त्याहून कितीतरी सरळ, जणू दोरी धरून रोवलेल्या. आणि ती रांग थेट रामरावांच्या गोठ्याकडे गेली होती.

योगिनी आल्या पावली मागे वळली. पण वाटाड्याच वाट सोडून पळाला तर हिमालय कसला? ती आपल्याच झेंड्यांमागे निघाली.

गोठ्याजवळच्या निंबाखाली सगळी पलटण भाजलेल्या हरभऱ्यावर तुटून पडली होती. बाजेवर हेमसिंग सर. खांद्यावर शेला, मांडीवर नारळ, तोंडात हरभरा आणि चेहऱ्यावर या बोलीतले काहीच न कळल्याचा भाव. समोर हात जोडून रामराव.

"साहेब, रस्ता आमच्याच वावरातून घ्या. शालिकरामच्या बरडाले कायले पाह्यजे रस्ता? तुमच्या झेंड्या मीच उपटून इकडं लावल्या. दोरी धरून लावल्या, हो!"

रामरावांचेही बरोबरच होते. समृद्धी महामार्ग आला तेव्हा आधी असेच चुन्याचे दगड आणि झेंड्या आल्या होत्या, आणि ज्यांच्या वावरात आल्या त्यांच्या दारात मोबदल्याच्या पैशातून गाड्या उभ्या राहिल्या. तेव्हा रामरावांचे वावर थोडक्यात हुकले होते.

तेवढ्यात त्यांना पोरगी दिसली. "योगे? तू तं वाशीमले झाडू मारून राह्यली होती ना?"

"ही तुमची मुलगी?" सरांनी घास गिळला. "अहो, ह्या झेंड्या हिच्याच! इतकी सरळ वाट आजवर कुणी आखली नव्हती. हिमालयासाठी मी हिचंच नाव देणार."

रामरावांचे डोळे पांढरे झाले, मग भरून आले. "माह्या पोरीनं रस्ता आनला?"

योगिनीला वाटले, गप्प बसावे. पण बापाचे ते भरलेले डोळे तिला बघवेनात. तिने त्यांना गोठ्याआड नेले.

"बाबा, रस्ता-बिस्ता काई नाई. पोरं रानात चालाले शिकून राह्यले. मी तुमाले खोटं सांगतलं."

रामरावांचा हात वर गेला. योगिनीने डोळे मिटले.

"काय म्हनते पोरगी, रामराव?"

आपल्या बरडातल्या झेंड्या कुठे गेल्या ते शोधत शालिकराम नाला ओलांडून आले होते.

उगारलेला हात हळूच योगिनीच्या डोक्यावर टेकला.

"काई नाई," रामराव अख्ख्या रानाला ऐकू जाईल असे म्हणाले. "हिमालयात बलावलं तिले. तिकडची वाट आखाले मानूस भेटून नाई राह्यला."

मग तिच्या कानाशी वाकून, दात आवळून म्हणाले, "आता जावाच लागन तुले. अन् थ्या झेंड्या इथंच राहू दे."