बिनकुलरचं थंड घर

नागपूरच्या उन्हाळ्याला हरवायला वीज लागत नाही, डोकं लागतं! हे वाक्य मी ऐंशी सालच्या मे महिन्यात बायकोसमोर चांगलं छाती पुढे काढून उच्चारलं.

चारू पदरानं वारा घेत होती. "डोकं तं मागच्याही उन्हाळ्यात होतं," ती म्हणाली. "रविवारपर्यंत कुलर आला तं ठीक. नाही तं मी पोरांना घेऊन खाप्याले चालली. पाऊस पडला की येईन!"

खापा म्हणजे तिचं माहेर. मागच्या उन्हाळ्यात ती गेली होती तेव्हा मी दोन्ही वेळ चिवडा खाऊन राहिलो. चिवड्याचं एक वेळ सोडा, पण घरात तिचा आवाज नसला की मला झोपच येत नाही. हे तिला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर कुलर घ्यावाच लागला असता!

आणि कुलर आमच्या शेजारी होताच. मधुकररावांचा. तो सुरू झाला की आमच्या मांडणीतले पेले वाजायचे, आणि मधुकरराव बायकोशी नवरा-बायकोच्या गोष्टीसुद्धा ओरडून बोलायचे. साऱ्या गल्लीला त्यांचा संसार पाठ झाला होता. असलं यंत्र घरात आणायचं? छे!

मी स्वभावानं चौकस माणूस. घर तापतं ते नेमकं कुठून, याचा छडा लावायचं ठरवलं. पोरांचं तापाचं थर्मामीटर दुपारी स्लॅबखाली बांधलं. पारा चढत चढत एकशे आठवर गेला आणि पुढे आकडेच संपल्यामुळे काच तडकली.

"घराचं निदान झालं," चारू म्हणाली. "आता पोरांना ताप आला तं काय तुमचं डोकं लावू?"

पण निदान पक्कं होतं! मुख्य आरोपी स्लॅब आणि त्याची साथीदार पश्चिमेची खिडकी. उपाय मी एका मासिकात वाचला होता. गच्चीवर मडकी पालथी मांडायची, मधल्या फटींत माती लिंपायची आणि वरून चुना मारायचा. मडक्यांत कोंडलेली हवा ऊन खाली उतरू देत नाही. खिडकीला बांबूच्या चौकटीत वाळ्याची ताटी बांधायची, तिच्यावर पाणी शिंपडत राहायचं. दारांना पांढरे पडदे. रात्री खिडक्या उघड्या, दिवसा बंद. किती सोपं! लोकांना सुचत कसं नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

रविवारी सकाळीच मी महाल भागातल्या बाजारात गेलो आणि एक ठेला ठरवला. ठेल्यावर लांब हिरवे बांबू, सुतळीचे गुंडे, मांजरपाटाचा तागा, वाळ्याचा भारा आणि ठेलाभर मडकी. ठेलेवाले भैयाजी काहीतरी गुणगुणत होते. त्यांनी सामानाकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "बाबूजी, घर का ही मामला है?"

"हाँ, मेरे ही घर का," मी म्हणालो.

भैयाजींचं गुणगुणणं बंद झालं. डोक्याला गुंडाळलेला गमछा त्यांनी काढून खांद्यावर टाकला.

ठेला पुढे, मी मागे. उन्हानं माझा चेहरा पडलेला, मान खाली. पण काय सांगू, महालातल्या लोकांचा विज्ञानाबद्दलचा आदर बघून मी थक्क झालो! सायकली थांबत होत्या. दुकानदार गादीवरून उठून उभे राहत होते. एकानं तर हात जोडले. दोन म्हातारे ओट्यावरून उतरले, चपला हातात घेऊन आमच्यामागे चालू लागले. एकानं मडक्यांवर नजर फिरवली आणि दुसऱ्याला म्हणाला, "एवढी मडकी? अख्खं घरच गेलं का गा?"

मला ते नीट समजलं नाही. पण चौकशी करताहेत म्हणजे जिज्ञासा आहे, असं मला वाटलं.

कोपऱ्यावर खाप्याचे मारोतराव दिसले, आमच्या सासऱ्यांचे शेजारी. मी हात केला. त्यांनी ठेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांना धोतराचा सोगा लावला आणि धावतपळत बसस्टँडच्या दिशेनं गेले. साधा रामराम नाही! खाप्याची माणसं घाईची, म्हणून मी सोडून दिलं.

घराशी पोचेपर्यंत आमच्यामागे पंधरा-वीस माणसं झाली होती. मधुकररावांनी कुलर बंद केला, बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हिंमत धरा गा."

"हिंमत आहे म्हणून तं करून राहिलो!"

"किती वाजता न्यायचं?"

"न्यायचं कुठे? गच्चीवर चढवायचं!"

मधुकरराव दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात चारू हातात झारा घेऊन दारात आली. "आणलं का सगळं?"

मधुकररावांची नजर तिच्यावर खिळली. "वहिनी तं धडधाकट आहेत! पोरंही त्या पायरीवर बसून राहिले! मंग गेलं कोन?"

मी वळून ठेल्याकडे पाहिलं. बांबू. सुतळी. मांजरपाट. मडकी. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते सामान एकत्र असं नीट पाहिलं, आणि भर उन्हात मला गार घाम फुटला!

"गेलं कोनीच नाही," मी कसंबसं म्हणालो. "घर थंड करायचं आहे."

मागचा म्हातारा भडकला. "मंग आमाले अनवाणी काहून चालवलं? पाय भाजले ना बावा!"

चारूनं सगळ्यांना पन्हं दिलं, म्हणून मी वाचलो. पन्हं पोटात गेल्यावर म्हातारे मडकी वाजवून पाहू लागले. पालथी काहून घालायची? माती कोणती? पावसात काय होईल? आणि "आलोच आहे तं हात लावून जातो" म्हणत दोघेही धोतर खोचून गच्चीवर चढले. दुपारपर्यंत मडकी बसली, ताटी बांधून झाली. चुना मात्र मी आणि चारूनं मारला. मारता मारता तो आमच्याच अंगावर इतका उडाला की पोरं आम्हाला ओळखेनात.

पाचच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी आकांत ऐकू आला.

"चारू वं! माझी लेक वं! मले सोडून कशी गेली वं!"

मारोतरावांनी आपलं काम चोख केलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाई, दोन मेव्हणे, त्यांच्या बायका, पोरंटोरं, सगळं खापा पांढऱ्या कपड्यांत येत होतं. कोण रडतंय म्हणून चारूनं दार उघडलं. ती नखशिखांत चुन्यानं पांढरीफटक! सासूबाईंनी लेकीला पाहिलं आणि त्या जागच्या जागी कोसळल्या.

त्यांना उचलून ताटीपाशी निजवलं. चारू त्यांचा हात धरून "आई, आई" करत होती. सासूबाईंनी डोळे उघडले, लेकीचा गाल चाचपला. खाली माणूस आहे, चुना फक्त वरून आहे, अशी खात्री पटल्यावर तिला कवटाळून अशा काही रडल्या की मी तोंड फिरवून ताटीवर पाणी शिंपडू लागलो. अशी लेक मी एका कुलरपायी माहेरी धाडणार होतो!

मग सासूबाईंनी नाक पुसलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "काहून वं चारू, इथं एवढं थंड काहून वाटून राहिलं?"

प्रयोग यशस्वी!

मामाजींनी भिंतीला हात लावून पाहिला, मग पाठ लावली, मग पाय पसरले. "जावईबापू," ते म्हणाले, "आता आलोच आहे तं मृग लागेपर्यंत राहून जातो."

चारू माहेरी गेली नाही. माहेरच आलं! दुसऱ्या दिवशी ते दोन म्हातारे उशा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी मधुकररावांची बायको पोरांसह आली. इथं गोष्टी हळू आवाजात बोलता येतात म्हणे. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा चारूनं माझी वळकटी मधुकररावांकडे पोचवली.

तो सगळा उन्हाळा मी आणि मधुकरराव त्यांच्या रिकाम्या घरात कुलरपुढे झोपलो. यंत्र तसं वाईट नाही हो. आमचं घर मात्र फार थंड झालं होतं. तशी ऐकीव माहिती आहे!