जेवणाच्या सुट्टीतला इतिहास

हजेरीभाऊंनी अकरा वर्षांत जगातले एकशे चाळीस संप लिहून काढले होते, आणि या अकरा वर्षांत स्वतः एकदाही आवाज चढवून बोलले नव्हते.

शर्ट शिवण्याच्या एका मोठ्या कारखान्यात ते हजेरी कारकून होते. जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, हजेरीची रजिस्टरं आणि साऱ्या कारखान्याला ऐकू जाणारा माइक, एवढा त्यांचा संसार. ‘बटण विभागातल्या दोघींनी ऑफिसात यावे’ एवढंच ते त्या माइकवर बोलायचे, तेही आधी घसा खाकरून आणि नंतर ‘धन्यवाद’ म्हणून. चहा गार आला, तर ‘मला गारच आवडतो’ असं सांगून ते मोकळे होत. पण वही उघडली, की हाच माणूस मेलबर्नच्या पाथरवटांबरोबर हत्यारं खाली टाकून आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यानं चालू लागे. आइसलँडच्या बायकांनी एके दिवशी घरातलं आणि बाहेरचं काम एकदमच थांबवलं आणि बाप्यांना पोरं घेऊन कचेरीत जावं लागलं, हे लिहिताना तर त्यांना हसूही फुटलं होतं आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं.

त्यांच्या बायकोनं पहिले साठ संप मन लावून ऐकले. एकसष्टाव्याला ती म्हणाली, “अहो, आता संप संपवा आणि जेवायला बसा. यापुढे मोठ्यानं वाचायचं ते तुमच्या त्या खोलीत. जिथं तुम्ही अडखळाल, तिथं वाचणारा झोपणार, असं समजा.”

सल्ला रास्त होता. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत डबा आटोपला, की भाऊ दार लावून घेत आणि मोठ्यानं वाचत.

त्या सोमवारी खोलीत नवा माइक बसला होता. जुन्याचं बटण दाबून धरायचं आणि बोट उचललं की तो बंद. नव्याचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. माइक बसवणाऱ्या माणसानं हे समजावून सांगितलं होतं. पण त्या वेळी भाऊ मनानं लंडनमध्ये होते. साडेबाराला त्यांनी जेवणाच्या सुट्टीची घोषणा केली, धन्यवाद म्हटलं, बोट उचललं आणि वही उघडली.

वर जेवणघरात दोनशे बायका डबे सोडत होत्या. कर्ण्यातून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग, “अठराशे अठ्ठ्याऐंशी साल. लंडनमधला काड्यापेट्यांचा कारखाना. कामाला बहुतेक पोरीसोरी आणि बाया. दिवसभर उभ्यानं काम. बोललं तर दंड, काडी खाली पडली तर दंड. फॉस्फरसची वाफ जेवणात जायची आणि कित्येकींचा जबडा सडायचा.”

“कोण बोलतंय हे?” एकीनं विचारलं.

“गप गं,” पॅकिंगमधल्या आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. सव्वीस वर्षं उभ्यानं शर्टांच्या घड्या घालून त्यांचे पाय संध्याकाळी खांबासारखे सुजत. “ऐकू दे मला.”

भाऊंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भिंतींनाच वाचून दाखवायचं असल्यामुळे ते अगदी रंगात आले होते. “बाहेर बोभाटा झाला, तेव्हा मालकांनी एक कागद तयार केला. ‘आम्ही इथे सुखी आहोत, आमची काही तक्रार नाही.’ कागद पोरींपुढे ठेवला. सही करा म्हणाले. सही नाही केली, तर काम जाणार. घरी खाणारी तोंडं. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि...”

एकचा भोंगा झाला. भाऊंनी वही मिटली, माइककडे वळले, “सुट्टी संपली, धन्यवाद,” असं म्हणण्यासाठी बटण दाबलं आणि त्याबरोबर माइक बंद झाला.

एक वाजून दहा मिनिटं झाली, तरी एकही मशीन सुरू झालं नाही. एवढी शांतता त्या इमारतीनं कधी अनुभवली नव्हती. अकराव्या मिनिटाला मॅनेजरसाहेब जिन्यावरून धडधडत खाली आले. जेवणाच्या सुट्टीत बाहेर गेल्यामुळे त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

“भाऊ, संप झालाय! बायका जेवणघरातून हलत नाहीयेत. विचारलं तर म्हणतात, आधी पुढचं सांगा. पुढचं म्हणजे काय? मागचं काय होतं?”

भाऊंनी आधी माइककडे पाहिलं, मग वहीकडे. कपाळावर घाम आला. साहेबांना वाटलं, माणूस आपल्याइतकाच हादरलाय.

“मालकांशी फोनवर बोललोय,” साहेब म्हणाले. “ते म्हणतात, वेळीच लेखी घ्या. हा कागद, मागे पगारपत्रकातली नावांची यादी जोडलीय. वर जा आणि सगळ्यांच्या सह्या आणा. तुमचं कुणाशी वाकडं नाही.”

भाऊंनी जिना चढता चढता कागद वाचला आणि मधल्या पायरीवरच थबकले. कागदावर लिहिलं होतं, ‘आम्ही इथे समाधानी आहोत. आमची कोणतीही तक्रार नाही.’

दारात येऊन त्यांनी घसा खाकरला, तशा दोनशे बायका एकदम उठल्या. “तोच आवाज! हेच ते!”

“माफ करा,” भाऊ म्हणाले. “चुकून झालं. माइक नवीन आहे.”

“माइकचं राहू द्या,” आत्या म्हणाल्या. “पोरींनी सही केली का?”

“नाही केली.”

“एकीनंही नाही?”

“मालकांनी मग एकीला कामावरून काढलं, तशा सगळ्या बाहेर पडल्या. चौदाशे जणी. तीन आठवड्यांच्या आत दंड बंद झाले, आणि जेवायला वेगळी खोली मिळाली.”

जेवणघर असं दणाणलं, की खाली साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण गोष्ट कळली होती. आता बायका खरंच मशिनांकडे निघाल्या. सगळं तिथंच मिटलं असतं, पण आत्यांची नजर भाऊंच्या हाताकडे गेली.

“हा कसला कागद?”

भाऊंना खोटं बोलता येत नसे. त्यांनी तो वाचून दाखवला. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता दोनशे जणी पोट धरून हसू लागल्या.

“अगं बाई, तोच कागद!” आत्या डोळे पुसत म्हणाल्या. “इतकी वर्षं झाली, तरी यांना दुसरा सुचला नाही!” मग त्या हसायच्या थांबल्या. “बघा भाऊ, आम्ही कामालाच निघालो होतो. पण आता विचारलंच आहे, तर सांगते. आम्ही समाधानी नाही. पॅकिंगला बसायला स्टुलं हवीत. तोवर घडी पडणार नाही.”

“मी तसं कळवतो,” भाऊ पुटपुटले.

“कळवा. पण यादीत पहिलं नाव तुमचंच आहे. तुम्ही सही करणार?”

भाऊंनी खाली पाहिलं. कारकुनांची नावं वर होती, हे खरंच. खिशाला पेन होतं. घरी बायको होती, नोकरीची सोळा वर्षं राहिली होती. आणि वहीत एकशे चाळीस ठिकाणी त्यांनीच लिहून ठेवलं होतं, की अशा वेळी माणसं काय करतात. ते आत्यांच्या शेजारच्या बाकावर बसले आणि हाताची घडी घातली.

“नाही,” ते म्हणाले. आवाज बारीकच निघाला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

साहेब वर आले, तेव्हा त्यांनी पाठवलेला माणूस पलीकडच्या बाजूला बसलेला होता. ते ओरडले, समजावून पाहिलं, पुन्हा मालकांना फोन केला. शर्टांचा ट्रक दाराशी उभा होता आणि घडी न घातलेला शर्ट काही खोक्यात जात नाही. चार वाजता मालक फोनवर म्हणाले, “स्टुलंच मागतायत ना? द्या!” शुक्रवारी चाळीस स्टुलं आली. आत्या पहिल्यांदा बसल्या, तेव्हा त्यांनी चपला काढून पाय लांब केले. मग त्यांनी दुसरी मागणी कळवली: जेवणाच्या सुट्टीत माइक चालू राहावा. तीही मान्य झाली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “सही केली नाहीत?” तिनं पुन्हा विचारलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाली, “तो काड्यापेटीवाला भाग वाचा बघू.”

पुढच्या आठवड्यात पाथरवटांचा आठ तासांचा लढा वाचून झाला. भाऊंनी आठवणीनं बटण दाबून माइक बंद केला, तोच दारावर टकटक झाली. मॅनेजरसाहेब आत आले आणि दार लावून घेतलं. भाऊ उभे राहिले. आता बदली, नाहीतर नारळ.

साहेबांचा आवाज अगदी खाली आला होता. “भाऊ, मी रोज बारा तास असतो इथे. रविवारी मालकांचे फोन. मुलगी मला ‘या’ म्हणते, पाहुण्याला म्हणतात तसं. तुमच्या वहीत एकट्या माणसाचा संप आहे का हो?”

भाऊंनी सवयीनं हजेरीचं रजिस्टर उघडलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं आणि अवघडून मान हलवली.

“पण साहेब, तुमचं नावच नाही यात. तुम्ही आला नाहीत, तर आला नाहीत हे कळणार कसं?”

साहेबांनी रजिस्टर स्वतःकडे वळवून ते पान पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले.

“मग आधी मला हजेरीत घ्या,” ते म्हणाले. “लढा तिथून सुरू करू.”