अबोलीला मूळ आलं

अबोलीला माहेराहून मूळ आलं, ते जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आलं आणि दारात बसलं. झालं ते एवढंच. शिदूतात्या मान्यांनी हे आल्यागेल्याला सांगितलं, तरी लोक ‘पहिल्यापासून सांगा की तात्या’ म्हणून डोकं खातात. पहिल्यापासून म्हणजे कुठनं? मुळाला पहिलं टोक कुठलं नि शेवटचं कुठलं, कुणी बघितलंय? बरं, सांगायचंच तर एकदाच, आणि मध्ये कुणी तोंड घालायचं नाही.

सासरी असलेल्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मूळ आलं म्हणतात. हे मिरजेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झाडांच्यात माणूस नसतो, तिथं खरोखरचं मूळ येतं. कुंडीच्या बुडाच्या भोकात मूळ दिसलं की शिकलेली माणसं म्हणतात, झाडाची मुळं बाहेर आली, कुंडी लहान पडली. बाहेर आलेली नसतात ती. आत चाललेली असतात, न्यायला.

अबोलीचं माहेर म्हणजे मालगाव रस्त्यावरची नेमगोंडा पाटलाची रोपवाटिका. मूळ तिथून निघालं, रस्ता धरून गावात आलं, आणि बुधवारी सकाळी तात्या दुधाची पिशवी घ्यायला दार उघडतात तर उंबऱ्यावर हजर. करंगळीएवढं जाड, अंगाला ओली माती.

“हौसा, मूळ आलंय!” तात्या ओरडले.

हौसाबाई, त्यांची बायको, पदराला हात पुशीत आली. पाहुण्याच्या पायावर घालावं तसं तिनं तांब्याभर पाणी मुळावर घातलं आणि मग विचारलं, “कुणाला?”

“तुला कोण नेतंय? गॅलरीतल्या अबोलीला.”

हौसाबाई रिकामा तांब्या घेऊन आत गेली. तिचं माहेर धरणात गेलं त्याला जमाना झाला. पाण्याखालनं मूळ येत नाही.

दुपारपर्यंत मगदूम सर वर आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी. “तात्या, जिन्यात लोकांचे पाय अडकतात. हे किती दिवस राहणार?”

“मला काय विचारता? त्याला विचारा.”

“नियमात पाहुणा तीन दिवस बसतो.”

“पाहुणा नव्हे, मूळ आहे.”

“मग दारातनं परत लावता यायचं नाही. पाठवणी करून टाका.”

“आत्ता?” तात्या भडकले. “अबोली भरल्या फुलात आहे. फुलावरचं झाड हलवलं की कळ्या गळतात. बहर सरला की कुंडी बदलायची असते. एवढंही माहेरच्यांना कळू नये?”

“माहेरच्यांना कधी कळतं?” मगदूम सर म्हणाले. त्यांच्या घरात दोन सुना होत्या.

तात्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. लेकीला एकटी पाठवत नाहीत, बरोबर पाठराखीण लागते. घरात बाई एकच. हौसाबाई गेली तर चहा कोण करणार? चहाचं मेलं जाऊ दे, घरात भांडायचं कुणाशी?

म्हणून त्यांनी ठरवलं, बहर असला तरी कुंडी इथंच बदलायची. रांजणाएवढी कुंडी आणली. ती जिन्यातनं चढवताना पोटऱ्या भरून आल्या. काम मात्र त्यांनी रीतसर केलं. आदल्या संध्याकाळी अबोलीला पाणी घातलं. सकाळी खोड दोन बोटांच्या बेचक्यात धरून तळवा मातीवर टेकवला, कुंडी उलटी केली, काठ कठड्यावर ठोकला. सगळा गड्डा सलग हातात आला. मुळं चुंबळीसारखी गोल गोल फिरलेली. ती हलक्या हातानं मोकळी केली, नव्या कुंडीच्या भोकावर खापरी ठेवली, माती भरली.

हौसाबाई गॅलरीच्या दारात उभी होती. “दोन बोटं मोठी आणायची असती कुंडी. एवढ्या मातीत पाणी साचून राहतंय, मुळं कुजतात.”

“ऐसपैस घर दिलंय तिला. पुन्हा माहेरचं नाव काढायची नाही.”

“मोठ्या घरात बाई सुखानं नांदते, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

दुसऱ्या दिवशी मूळ खापरी सारून कुंडीत शिरलेलं होतं, आणि हौसाबाईनं पिशवी भरलेली होती. दोन लुगडी, चष्मा, मशेरीची डबी.

“किती दिवस?” तात्यांनी विचारलं.

“माती बदलली की आठ दिवस सावलीत राहायला लागतंय. रुजली की येते.”

“कोण रुजली की?”

हौसाबाई पिशवी उचलून जिना उतरली. खाली रिक्षा उभी होती. मोठ्या कुंडीतनं उपसलेली अबोली मांडीवर घेऊन ती बसली. मूळ पुढं सरकत गेलं, रिक्षा मागनं गेली. जिना मोकळा झाल्याबद्दल मगदूम सरांनी तात्यांचे आभार मानले. तात्यांनी दार आपटलं.

आठवडा गेला, दुसरा गेला. तात्या काळा चहा पीत होते, कारण दूध रोज उतू जात होतं. शेवटी त्यांनी नेमगोंडाला फोन लावला.

“अबोलीनं माती धरली, तात्या,” नेमगोंडा म्हणाला. “कुंडी पण बदलली. दोन बोटंच मोठी.”

“आणि आमची ही?”

“वहिनींनी बी धरली म्हणायची. सकाळी कोवळ्या उन्हात, दुपारी जाळीखाली. लई टवटवीत हायत.”

“तू लावून दे तिला घरी.”

“असं फोनवर लेकीला सोडतात व्हय? सासरचं मूळ यायला पाहिजे.”

आता दुसऱ्या मजल्यावर, फरशीच्या घरातनं, मूळ धाडायचं कुठलं? तात्यांनी दोन दिवस सगळ्यांना शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी टोपी घातली आणि स्वतःच निघाले.

“या तात्या, बसा,” नेमगोंडा फाटकात म्हणाला.

“बसत नाही. मूळ आहे मी.”

नेमगोंडानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “मग चपला काढा.” त्यानं फाटकाजवळ वाफा उकरला, तात्यांना घोट्यापर्यंत उभं केलं आणि माती दाबून घेतली.

हाक गेली तशी हौसाबाई आतनं आली. हाताला माती, डोक्यात अबोलीचा गजरा. घरी असताना ती कधी फुलं माळत नसे.

“वाळलात,” ती म्हणाली. “न्यायला आलात?”

तात्यांनी टोपी सारखी केली. मूळ बोलत नसतं.

हौसाबाईनं रोपं भरणाऱ्या बायकांना हाका मारल्या. “ए, इकडं या गं! मला मूळ आलंय, बघा!” बायका जमल्या. कुणी तात्यांच्या टोपीला हात लावून बघितला, कुणी “बरं जाड आहे की” म्हणाली. हौसाबाई हसत होती आणि पदरानं डोळे पुशीत होती.

मग ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “येते मी. पण आल्या पावली निघत नसतात. एवढ्या वर्षांनी आलंय, चार दिवस मिरवू दे मला.”

तात्या थांबले. अजून थांबलेत. पाय गार पडतात, पण उभं राहवतं. त्यांची तक्रार बायकोबद्दल नाही. पहिल्याच संध्याकाळी नेमगोंडानं, एका शब्दानं न विचारता, झारीनं त्यांच्या गुडघ्यापर्यंत पाणी घातलं आणि वर ओंजळभर शेणखत टाकलं. नव्यानं लावलेल्याला महिनाभर खत द्यायचं नसतं, हे रोपवाटिका चालवणाऱ्याला कळायला पाहिजे. अबोली विकताना ‘हिला मागंपुढं कुणी नाही तात्या, निवांत राहा’ असं सांगणारा माणूस हाच. त्या थापेचीही माफी नाही, ह्या शेणखताचीही नाही. रोज सकाळी समोरनं झारी घेऊन जातो, मान वळवून हसतो. नेमगोंडा आप्पा पाटील, मालगाव रस्ता.