इंजिनेरानं बांधलेलं तोरण

"यंदाच्या पोळ्याचं तोरण मी बांधतो!" पंकज चावडीसमोर छाती काढून म्हणाला. "वारा येऊ द्या, वादळ येऊ द्या, बैलं बिथरू द्या. हललं तर मले विचारा!"

भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडच्या त्या गावात सिव्हिल इंजिनिअर एकच, आणि तो म्हणजे माणिकरावांचा पंकज. डिग्री हातात आली तेव्हा पेढे वाटले होते. पेढे संपले, पण नोकरी काही आली नाही! मग पंकजनं निर्मल शहरात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून पाहिलं. बेल्लमपल्लीला कोळसा कामगारांच्या क्वार्टरांत कुरियरच्या पिशव्या वाटल्या. एका बियाणं कंपनीची टोपी घालून गावोगाव पत्रकंही वाटली. दर वेळी तो घरी सांगायचा, "हे तात्पुरतं हाये, बाबा." आणि दर वेळी ते खरंच तात्पुरतं निघायचं.

गावाला मात्र याचं काही नव्हतं. गावाच्या हिशेबानं इंजिनेर म्हणजे इंजिनेर. मोटार बंद पडली, बोलवा पंकजला. मिक्सर जळाला, बोलवा पंकजला.

"मी पूल बांधणारा इंजिनेर हावो, काकू!" तो कळवळून सांगायचा.

"मंग मिक्सर त काहीच नाई तुले," असं म्हणून काकू मिक्सर त्याच्या मांडीवर ठेवून निघून जायच्या.

आता तोरणाचं काय झालं होतं, ते सांगतो. पोळ्याला गावची सगळी बैलं तोरणाखाली रांगेनं उभी राहतात. बैलांपुढं झडत्यांची गाणी होतात, वाजंत्री वाजते, आणि मग भगवंतराव पटील काठीनं तोरण तोडतात. तोरण तुटलं की पोळा फुटला! मग बैलं घरोघर पुरणपोळी खायला निघतात. तोरण तोडायचा मान पटलांच्या घराण्याचा. पण गेल्या वर्षी पटील यायच्या आधीच गावातल्या लखनचा तरणा गोऱ्हा उधळला, सुतळीचं तोरण शिंगांत घेऊन थेट नदीपर्यंत गेला! पटील धोतर सावरत आले, तर वेशीत शेणाशिवाय काही उरलं नव्हतं. तेव्हापासून ते लखनशी बोलत नव्हते आणि तोरणाचं नाव काढलं की लाल व्हायचे.

म्हणूनच पंकजचं बोलणं ऐकून पटील खूश झाले. "बांध रे बाप्पा. पण पक्कं बांध!"

पंकजला एवढंच पाहिजे होतं. कारण यंदा पोळ्याला आदिलाबादहून सुधाकरराव येणार होते. सुधाकरराव म्हणजे लहानसहान पुलांचे ठेकेदार. त्यांना साइटवर एक इंजिनिअर हवा होता. बाजारात भाजी विकता विकता माणिकरावांनी त्यांच्याशी ओळख काढली होती, आणि ते म्हणाले होते, "पोळ्याला येतो. पोराचं काम बघतो, मग ठरवू." ही नोकरी लागली म्हणजे पंकज खराखुरा इंजिनेर होणार होता. बयनाबाई, त्याची आई, रोज तुळशीला पाणी घालताना सुधाकररावांचं नाव घ्यायला लागली होती.

पंकज कामाला भिडला. वेशीच्या रस्त्यावर दोन बाजूंना खड्डे खणले. जुने लोखंडी पाइप उभे केले. गोठ्याच्या फरशीसाठी आणलेलं सिमेंट त्यांच्या बुडाशी ओतलं. सुतळीऐवजी बोअरमधून काढलेला लोखंडी दोर ताणला, आणि तो दिसू नये म्हणून वरून आंब्याची पानं दाट बांधली. दोराचं टोक लांब उरलं. वाया कशाला घालवायचं? त्यानं ते शेजारच्या पाहुण्यांच्या मांडवाच्या मधल्या बांबूला आवळून टाकलं. मांडवही पक्का!

"दादा, तू तोरण बांधून राह्यला का धरण?" त्याची बहीण रुपा म्हणाली.

"तुले नाई समजत त्यातलं."

"नाई बा, मले कसं समजन. माहं शिक्षण कमी."

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली. बैलांच्या पाठीवर झुली, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. मांडवात खुर्चीवर सुधाकरराव, शेजारी माणिकराव, मागे पंकज इस्त्रीच्या शर्टात. झडत्या रंगल्या. लखनचा गोऱ्हा यंदाही नाचला, तोरणाला जोरात शिंग लावलं आणि आपणच मागे सरकून विचारात पडला. सुधाकररावांनी मान डोलावली. पंकज फुलला!

मग पटील पुढे आले. वाजंत्री थांबली. पटलांनी काठी उचलली आणि तोरणावर हाणली.

काठी तुटली!

ती आजोबांच्या वेळची काठी होती. मागच्या लोकांना वाटलं तोरणच तुटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्यांनी त्यांना गप्प केलं. पटलांनी तोरण दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग लखननं ओढलं. मग दोघं मिळून लोंबकळले. वर्षभराचा अबोला त्या दोराला लटकताना सुटला.

"अबे लखन, जोर लाव ना!"

"लावून राह्यलो ना, पटील! तुमी पाय वर घ्या!"

शेवटी पटील धापा टाकत ओरडले, "पंकज! हे तुटत काऊन नाई?"

पंकजला वाटलं, हाच तो क्षण! त्यानं एक डोळा सुधाकररावांकडे ठेवून ठणकावून सांगितलं, "तुटणारच नाई, पटील! आत लोखंडी दोर हाये! खांब सिमेंटात गाडले! शंभर माणसं लटकली तरी तुटणार नाई!"

"अबे लेकाच्या, पण ते तोडायचं असते ना!"

जन्मल्यापासून पंकजनं दर वर्षी तोरण तुटताना पाहिलं होतं. पण पक्कं बांधायच्या नादात ते तोडायचं असतं, हेच गडी विसरला होता!

"विळा आणा कोणीतरी," लखन म्हणाला.

"खबरदार!" पटील गरजले. "पोळ्याच्या दिवशी तोरणाले लोखंड लावता?"

"लोखंड त आतच हाये, पटील काका," रुपा म्हणाली. बयनाबाईनं तिला चिमटा काढला.

बाजूनं बैल नेणंही शक्य नव्हतं. तोरण न तुटता बैल घरी नेले, तर गावात कोणाच्या दारी आरती झाली नसती. बैलं खूर आपटायला लागली. घराघरांत पोळ्या गार व्हायला लागल्या. शेवटी पटलांनीच तोड काढली. त्यांची मानाची जोडी तोरणाला जुंपायची आणि ओढायचं!

मांडवाच्या बांबूला आवळलेलं टोक तेव्हा एकट्या पंकजला आठवलं. "थांबा!" तो ओरडला. पण तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली होती.

जोडीनं हिसका दिला. तोरण तुटलं नाही. खांब हलले नाहीत. दोर मात्र सरसर सरकला, मांडवाचा मधला बांबू मुळासकट उपटून आला आणि सगळा मांडव सुधाकररावांच्या अंगावर बसला! कापडाखाली एक उंचवटा इकडून तिकडे फिरू लागला. आतून हिंदीत काहीतरी ऐकू येत होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पटलांनी उतरलेला मांडव पाहिला, न तुटलेलं तोरण पाहिलं आणि आकाशाकडे हात करून आरोळी ठोकली, "फुटला रे! पोळा फुटला!"

काय फुटलं हे विचारायला कोणी थांबलं नाही. बैलं सुटली.

संध्याकाळी सुधाकरराव माणिकरावांच्या ओसरीवर जेवायला बसले, कपाळाला हळद लावून. माणूस मोठ्या मनाचा. हसून म्हणाले, "मांडवाचं सोडा. पण खांब हलले नाहीत, हे मी पाहिलं. पोरात दम आहे. सोमवारपासून पाठवा."

बयनाबाईचे डोळेच भरून आले. तिनं त्यांच्या पोळीवर तुपाची धार धरली ती थांबवेचना.

"एका खांबाला सिमेंट किती घातलं रे?" सुधाकररावांनी सहज विचारलं.

"एक पोतं, सार! पुस्तकात लिहिलंय तेवढं पूर्ण!" पंकज अभिमानानं म्हणाला.

सुधाकररावांचा घास हातातच राहिला. "एका खांबाला पोतं? अरे, एवढ्यात मी अर्धा पूल उभा करतो!" त्यांनी पाण्याचा घोट घेतला, हात धुतले. "माणिकराव, पोरगा गुणी आहे. पण मला परवडायचा नाही." आणि ते निघाले.

"काऊन गेले ते, अर्धी पोळी टाकून?" बयनाबाईला काही कळेना. पंकजला कळलं होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

पण काम आलं, हो! कापूस निघायला लागला आणि भरलेल्या ट्रॉल्या वेशीत त्या दोन खांबांमध्ये अडकायला लागल्या. लोहारानं दोर कापला. खांबांपुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले. तेव्हा पटील स्वतः घरी आले आणि म्हणाले, "पंकज, मजुरी देतो. पण हे तूच पाड."

आता बयनाबाई आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगते, "आमच्या पंकजले त्याच्याच लाईनीचं काम भेटलं!" आणि वेशीत पंकज सकाळपासून घण घालतो आहे. कोणी विचारलं, तर सांगतो की हे तात्पुरतं आहे. पण खांबाला अजून साधा चराही गेलेला नाही, म्हणजे बहुतेक कायमच होणार.