आर्टिचोकचा हिवाळा

"गिरगावात पिकलेल्या आर्टिचोकचा पहिला घास हा अण्णा घेणार! येत्या मार्चमध्ये! लिहून ठेवा!"

मनवाने लगेच लिहून ठेवलं. पाचवीतली मनवा ठाकूरद्वारच्या त्या चाळीतल्या आठ पोरांची पुढारी, आणि अण्णा सगळ्यांचे निवृत्त विज्ञान-शिक्षक. त्यांचा नियम एकच: जे घडलं ते जसंच्या तसं वहीत लिहायचं.

गॅलरीतल्या आठ डब्यांत या विलायती भाजीची आठ रोपं वीतभर झाली होती. एकेकावर एकेका पोराचं नाव.

"पण अण्णा, यातलं खायचं काय?"

"कळी! कमळाच्या कळीएवढी, खवल्याखवल्यांची! पण थंडी लागल्याशिवाय झाड कळी धरत नाही."

"आपल्याकडे कुठे थंडी?"

"फ्रिजमध्ये! दहा दिवस झाडाला फसवायचं!"

तासाभरात अण्णांच्या बायकोने, नलूताईंनी, फ्रिज उघडला आणि अख्खा मजला दणाणला. "अहो! दुधाशेजारी माती? फ्रिज खायच्या वस्तूंसाठी असतो, शेतीसाठी नाही!"

अण्णा चाळीत गुरुजी, घरात विद्यार्थी. त्यांनी मुकाट्याने रोपं उपटली, मुळं धुतली, आठही ओल्या फडक्यात गुंडाळून भाजीच्या ट्रेमध्ये कोथिंबिरीशेजारी निजवली. मातीचा कण नाही! या हुशारीवर ते इतके खूश झाले, की बायकोला सांगायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले, तोच मनवा वही घेऊन आली. अण्णांनी भाजीचा घास घेतला. चेहरा वाळक्या कारल्यासारखा झाला!

"कडू लागतेय का हो?" नलूताईंनी विचारलं.

समोर विद्यार्थिनी! अण्णा सावरले. "कडू म्हणून पानात टाकायचं नसतं, मनवा. हे बघ!" त्यांनी भाजी चाटूनपुसून संपवली. वर आणखी मागितली!

"पाला एवढासाच होता, म्हणून मूठभर मूगडाळ ढकलली," वाढता वाढता नलूताई म्हणाल्या. "कुठून आणलात? निवडायला काही नव्हतंच. फडक्यात कसा छान धुऊन ठेवलेला!"

अण्णांचा हात तोंडापाशीच थांबला. मनवा फ्रिजकडे धावली. ट्रेमध्ये नुसतं फडकं होतं.

"अण्णा... माझं रोप?"

अण्णांनी पानाकडे पाहिलं. "तुझं नेमकं कुठलं, ते आता सांगता येणार नाही गं."

मनवाचे डोळे भरले.

"अगं, बिया आहेत अजून! आजच पेरू. पहिली पाटी तुझ्या नावाची. आणि हिची शपथ, या वेळी सगळं हिला विचारून!"

मनवाने नाक पुसलं, वही उघडली. "आज काय लिहू?"

"जे... जे घडलं ते."

तिने लिहिलं: 'पहिला घास अण्णांनीच घेतला. मार्चच्या चार महिने आधी. चव कडू. पुन्हा मागितली.'

अण्णांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली. नेहमीपेक्षा जरा बारीक.